‘डब्ल्यू+ एकच लक्षात ठेवा’ म्हणणाऱ्यांना

पायथन शिकणाऱ्यांच्या ग्रुपांत एक सल्ला फार फिरतो. त्याचा सारांश असा: फाईल उघडणाऱ्या ‘ओपन’चे मोड (वाचायचं की लिहायचं हे सांगणारी अक्षरं) पाठ करत बसू नका, ‘डब्ल्यू+’ एकच लक्षात ठेवा. फाईल नसेल तर तयार होते, असेल तर उघडते, वाचताही येतं आणि लिहिताही येतं. जुनी फाईल जाऊ नये म्हणून आधी ‘ओएस.पाथ.एक्झिस्ट्स’ने तपासून घ्या. एन्कोडिंग (अक्षरांचे बाइट्स कसे करायचे याचा नियम) द्यायची गरज नाही, पायथन ३ युनिकोडच आहे. फाईल बंद करायचीही काळजी नको, ते आपोआप होतं.

सल्ला सोपा आहे आणि परीक्षेच्या आदल्या रात्री गोड वाटतो. अडचण अशी की त्यातला प्रत्येक मुद्दा अर्धाच खरा आहे.

‘असेल तर उघडते’

उघडते, पण रिकामी होऊन. मजकूर पुसला जातो तो ‘राइट’ करताना नव्हे, ‘ओपन’ करतानाच. लिनक्सवर ‘डब्ल्यू+’ने फाईल उघडणारा प्रोग्रॅम ‘एसट्रेस’खाली (प्रोग्रॅम सिस्टिमकडे काय मागतो ते दाखवणारं साधन) चालवून पाहा: कर्नेलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, जाणाऱ्या विनंतीत ‘ओ_क्रिएट’बरोबर (फाईल तयार कर) ‘ओ_ट्रंक’ (ती रिकामी कर) हाही फ्लॅग दिसेल. म्हणजे पुढच्या ओळीवर प्रोग्रॅम कोसळला आणि एक अक्षरही लिहिलं गेलं नाही, तरी जुना मजकूर गेलेलाच असतो. ‘वाचताही येतं’ हे त्यामुळे फक्त आत्ता आपणच लिहिलेल्या मजकुराबद्दल खरं, आणि तेही ‘सीक(०)’ करून फाईलच्या सुरुवातीला गेल्यावर. जुनी फाईल वाचायला म्हणून ‘डब्ल्यू+’ने उघडली तर हाती रिकामी स्ट्रिंग येते. एरर येत नाही, इशारा येत नाही. मला यातला सगळ्यात वाईट भाग हाच वाटतो.

आहे तो मजकूर ठेवून बदल करायचा तर ‘आर+’. फाईल नसेल तर तो ‘फाइलनॉटफाउंडएरर’ देतो, आणि ते चांगलंच आहे: नावात टायपो झाला तर लगेच कळतं, भलत्याच नावाची नवी फाईल जन्माला येत नाही. फक्त ‘आर+’मध्ये लिहिलेलं मधे घुसत नाही, जुन्यावर लिहिलं जातं. नवा मजकूर आखूड असेल तर जुन्याची शेपटी खाली शिल्लक राहते. ती ‘ट्रंकेट’ने कापावी लागते. शेवटी भर घालायची असेल तर ‘ए’ मोड.

‘आधी तपासून घ्या’

तपासणं आणि उघडणं ही दोन वेगळी पावलं आहेत आणि त्यांच्या मधे फट आहे. एकच स्क्रिप्ट क्रॉनने (ठरल्या वेळी प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या साधनाने) दोनदा सुरू झाली असं समजा. दोघींनी तपासलं, दोघींना ‘फाईल नाही’ असं उत्तर मिळालं, दोघींनी ‘डब्ल्यू+’ने उघडली. पहिलीने तोवर काही लिहिलं असेल तर दुसरीने ते पुसलं. स्वतःच्या लॅपटॉपवर हे कदाचित कधीच दिसणार नाही, सर्व्हरवर मात्र नको त्या रात्री दिसेल.

यासाठीच ‘एक्स’ मोड आहे. पायथनमध्ये तो २०१२ साली, ३.३ आवृत्तीत आला. सी भाषेच्या २०११च्या प्रमाणातही ‘एफओपन’ला, म्हणजे तिथल्या ‘ओपन’ला, तशीच सोय मिळाली. ‘फाईल नसेल तरच तयार कर, असेल तर नकार दे’ हे कर्नेल एकाच पावलात करतो, त्यामुळे मधे फट उरतच नाही. दोघींपैकी एकीला फाईल मिळते, दुसरीला ‘फाइलएक्झिस्ट्सएरर’. आणखी एक फायदा: ‘टेम्प’सारख्या सामाईक फोल्डरमध्ये कुणी त्याच नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणारी नोंद) आधीच ठेवून दिली असेल, तर ‘एक्स’ तिच्यामागे जात नाही, सरळ नकार देतो. तपासणीची ओळ मग काढूनच टाका. तिच्या जागी ‘ट्राय-एक्सेप्ट’ लिहा.

‘एन्कोडिंगची गरज नाही’

पायथन ३मधली स्ट्रिंग युनिकोड असते हे बरोबर. फाईलमध्ये मात्र बाइट्स असतात, आणि एन्कोडिंग दिलं नाही तर ३.१४पर्यंतच्या आवृत्त्या ते सिस्टिमच्या सेटिंगवरून ठरवतात. इंग्रजी सेटिंगच्या विंडोजवर ते बहुधा सीपी-१२५२, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांची अक्षरसारणी, निघतं. त्यात देवनागरी नाही.

याचा फटका मराठी मजकुराला गमतीशीर पद्धतीने बसतो. युटीएफ-८मध्ये साठवलेली गावांची यादी अशा मशीनवर वाचा. ‘नाशिक’ आणि ‘नागपूर’ कचरा होऊन येतात, पण येतात. ‘पुणे’ आणि ‘मुंबई’वर प्रोग्रॅम ‘युनिकोडडिकोडएरर’ देऊन थांबतो. कारण ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१ (हेक्स) आहे आणि सीपी-१२५२मध्ये ती जागा मोकळी आहे. हलन्ताचा ८डी, ‘ए’ या अक्षराचा ८एफ आणि ‘झ’चा ९डी यांचंही तेच. म्हणजे ‘कोल्हापूर’ही अडकलं. चाचणीच्या यादीत नेमकं नाशिक असेल तर एरर न आल्याने सगळं ठीक आहे असा समज होतो.

लिहिताना आणखी वाईट. ‘डब्ल्यू+’ने फाईल आधीच रिकामी केलेली असते, मग पहिल्याच मराठी ओळीवर ‘युनिकोडएन्कोडएरर’. जुनं गेलं, नवं आलं नाही. पायथन ३.१५पासून युटीएफ-८ हेच डीफॉल्ट ठरलं आहे, पण तुमची स्क्रिप्ट कुठल्या आवृत्तीवर चालेल हे तुमच्या हातात नसतं. ‘एन्कोडिंग’मध्ये युटीएफ-८ लिहून टाका.

‘बंद आपोआप होते’

नेहमीच्या पायथनमध्ये, म्हणजे सीपायथनमध्ये, फाईलचा शेवटचा संदर्भ सुटला (तिला धरून ठेवणारं व्हेरिएबल उरलं नाही) की होते. पायपाय या पायथनच्या दुसऱ्या रूपात ती कधी होईल याची खात्री नाही. ‘विथ’ वापरा, त्याचा ब्लॉक संपला की फाईल बंद होते, विषय संपला. मात्र लिहिता लिहिता वीज गेली तर ‘विथ’ही अर्धवट फाईल वाचवू शकत नाही. महत्त्वाची फाईल असेल तर त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहा, ‘फ्लश’ आणि ‘एफसिंक’ करा (मजकूर खरोखर डिस्कवर पोचवा) आणि मग ‘ओएस.रिप्लेस’ने मूळ नावावर आणा.

‘डब्ल्यू+’ निरुपयोगी आहे असं नाही. लिहायचं, मागे जाऊन वाचायचं आणि फेकून द्यायचं, अशा कामाला तो नेमका बसतो. पायथनच्याच ‘टेम्पफाइल’ मॉड्यूलमधलं ‘टेम्पररीफाइल’ डीफॉल्ट म्हणून त्याचंच बायनरी रूप, ‘डब्ल्यू+बी’, घेतं. तिथे पुसण्यासारखं आधीचं काही नसतं.