आधी नको म्हणा

चर्चच्या कमिटीची निवडणूक अजून चार महिने लांब आहे आणि तुम्हाला आतापासूनच सेवेची हाक ऐकू येऊ लागली आहे. अभिनंदन. ही हाक वार्षिक सभेच्या आसपासच येते. लग्नानंतर हॉलमधल्या खुर्च्या उचलायच्या असतात तेव्हा ती कुणालाच ऐकू येत नाही. त्यामुळे आलीच आहे तर ओ द्यावी.

पण लगेच नको. आधी नको म्हणा. बायबलमध्ये इस्राएलचा पहिला राजा म्हणून शौलाच्या नावाची चिठ्ठी निघाली तेव्हा तो सामानसुमानात लपून बसला होता, धावत जाऊन त्याला बाहेर काढावं लागलं. तुम्हीही सभेच्या दिवशी शेवटच्या बाकावर बसा. नाव पुकारलं की मान खाली घालून म्हणा, "नको हो, माझ्यापेक्षा लायक माणसं आहेत." (ती कोण, ते सांगू नका.) मग मराठी उपासनेतला एक जण म्हणेल, "तुम्हीच व्हा की!" कन्नड उपासनेतला एक जण म्हणेल, "नीवे आगबेक्री!" दोघांच्या घरी आदल्या रात्री अर्धा-अर्धा किलो कुंदा पोचलेला असावा. शौलाला कुंदा वाटावा लागला नव्हता, म्हणजे त्याची नम्रता बहुधा खरी होती. पुढे याच शौलाने कर्मेलात स्वतःचं स्मारक उभारलं आणि दावीदावर भाला फेकला. तेव्हा नम्रता चुकून खरी निघाली तरी घाबरू नका, खुर्ची ती सुधारून घेते.

स्मारकाचं तेवढं मनावर घ्या. कंपाउंडची भिंत रंगवली तरी फरशी बसवायची, 'यांच्या कारकिर्दीत' असं कोरून. सीमाभागात राहण्याचा हा एक फायदा कुणी बोलून दाखवत नाही: वर कन्नडमध्ये, खाली मराठीत, तुमचं नाव दोनदा लागतं. देवाचं एकदा लागलं तरी चालतं.

आता मन लावून वाचायचा भाग. बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाच्या 9व्या अध्यायात योथामाची गोष्ट आहे. झाडं राजा शोधायला निघाली. जैतून म्हणालं, मी माझं तेल सोडून कुठे येऊ? अंजिराने गोड फळाचं कारण सांगितलं, वेलीने द्राक्षारसाचं. शेवटी झाडं काटेरी झुडपाकडे गेली. ते म्हणालं, मला खरोखर राजा करत असाल तर या, माझ्या सावलीत बसा. सावली! गुडघाभर उंचीच्या काट्यांची! पाळक हा उतारा कमिटीच्या निवडणुकीच्या रविवारी का वाचत नाहीत, ते तुम्ही ओळखलंच असेल.

आपल्याही मंडळीत जैतुनं आहेत. रात्रपाळी करून थेट उपासनेला येणारी नर्स आहे. वीस वर्षं संडे स्कूल घेणाऱ्या बाई आहेत. त्यांना वेळ नाही. वेळ आहे तो आपल्याला. फक्त झुडपाने एक चूक केली. सावलीत आला नाहीत तर माझ्यातून आग निघेल, हेही त्याने त्याच दमात सांगून टाकलं. तुम्ही हे प्रचारात बोलू नका. निवडून आल्यावर कुणी मुलाच्या शाळाप्रवेशासाठी चर्चचं पत्र मागायला येईल, तेव्हा "पुढच्या रविवारी बघू" म्हणा. आग लागलेली त्याला बरोबर कळते.

स्वतःसाठी मागायला लाज वाटत असेल तर आईला पाठवा. येशूचे दोन शिष्य, जब्दीची मुलं, यांच्या वतीने, मत्तयाच्या शुभवर्तमानात तरी, आईच येशूकडे उजवी-डावी खुर्ची मागायला गेली होती. बाकीचे दहा शिष्य चिडले, ते कशामुळे हे तुम्हाला कमिटीत बसल्यावर कळेल.

कुणी हिशोब मागितला तर भाषेवर या. मराठी उपासना आठला आणि कन्नड दहाला, हे कुणी ठरवलं? तुम्ही कन्नड बाजूचे असाल तर उलट विचारा. महाराष्ट्राने 2004 साली दाखल केलेला सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात अजून पडून आहे, तुमची वही त्याआधी कोण उघडतंय? पेन्टेकॉस्टच्या दिवशी, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा, यरुशलेमेत प्रत्येकाला आपापल्या भाषेत समजलं, हे खरं. पण तिथे जमाखर्च वाचला जात नव्हता.

सत्ता माणसाला बिघडवते, हे वाक्य तुमच्या तोंडावर कुणी फेकेलच. आपण ते बेळगावजवळच्या हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाला येणाऱ्यांसाठी राखून ठेवलेलं असतं. मुळात लॉर्ड ॲक्टन या कॅथलिक माणसाने 1887 साली ते लिहिलं, पुढे बिशप झालेल्या क्रेटन यांना, आणि विषय होता पोप आणि राजे यांचा. हे तुम्हाला माहीत असलं तरी सभेत बोलू नका.

राहिला अरण्यातला प्रसंग. सैतानाने येशूला उंच डोंगरावर नेऊन जगातली सगळी राज्यं दाखवली आणि तरी सौदा फिसकटला. आपल्यासाठी एवढा डोंगर चढायची त्याला गरज पडत नाही. माझ्याकडे माइक आणि हार्मोनियमच्या कपाटाची किल्ली आली तेव्हा मीही आधी नको म्हणालो होतो. मग तरुण मुलं सरावासाठी किल्ली मागायला घरी येऊ लागली. दारात उभी राहून "काका, आहात का?" म्हणू लागली. तिसऱ्या महिन्यात मी आतल्या खोलीत असूनही, नाही म्हणून सांगायला लावलं. काम काहीच नव्हतं. ती परत जाताना खिडकीतून बघत होतो.

या खेपेला तुम्ही कमिटीत याल आणि सामानाची यादी तपासाल. जरूर तपासा. किल्ली मात्र माझ्याकडेच राहू द्या. कुलूप जुनं आहे, नव्या माणसाच्या हाताला लागत नाही.