दूतावास पळाला नव्हता, बसऱ्याला गेला होता

ऑगस्ट उजाडला की एक मेसेज फिरायला लागतो. कुठे युद्ध पेटलं, कुठलं सरकार कोसळलं, की एरवीही तो डोकं वर काढतो. आमच्या शाळेच्या जुन्या ग्रुपवर तो यंदा चौथ्यांदा आला आणि खाली नेहमीचे सात-आठ अंगठे उमटले. मजकूर थोडक्यात असा: १९९० साली सद्दामने कुवेत गिळलं तेव्हा भारताचा राजदूत सगळ्यांत आधी पळाला. दिल्लीत परराष्ट्र मंत्रालय घोरत पडलं होतं. पावणेदोन लाख भारतीयांना एका धाडसी व्यापाऱ्याने स्वतःच्या हिमतीवर सोडवून आणलं, मंत्री तेवढे सद्दामला मिठी मारून आले. आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य: "दूतावासातल्या साहेबांना कवच असतं, मरतो तो सामान्य माणूस."

यातलं बरंचसं २०१६ साली आलेल्या एका हिंदी सिनेमातून उचललेलं आहे. त्यातला नायक काल्पनिक आहे, हे सिनेमा काढणाऱ्यांनी लपवलं नव्हतं. परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्याने त्याच वेळी सिनेमाने वस्तुस्थितीशी बरीच मोकळीक घेतल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं. माजी परराष्ट्र सचिव निरुपमा राव यांनीही अभ्यास कमी पडल्याचं बोलून दाखवलं. पण खुलाशात गाणी नसतात, त्यामुळे तो फॉरवर्ड होत नाही. तर एकेक मुद्दा घेऊ.

"राजदूत पळाला." २ ऑगस्टच्या पहाटे इराकी रणगाडे कुवेतमध्ये घुसले. ८ तारखेला इराकने कुवेत आपल्यात विलीन केल्याचं जाहीर केलं. त्यापाठोपाठ फर्मान निघालं: कुवेत हा आता देशच नाही, तेव्हा तिथे दूतावास कसले? २४ ऑगस्टपर्यंत सगळे बंद करा. महिना संपायच्या आत कुवेत इराकचा एकोणिसावा प्रांत झालासुद्धा.

अशा वेळी दोन वाटा होत्या. अमेरिका आणि ब्रिटन फर्मान धुडकावून तिथेच राहिले. इराक्यांनी त्यांची वीज तोडली, पाणी तोडलं. अमेरिकी राजदूत नथॅनिएल हॉवेल आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी आवारातच विहीर खणली, डबाबंद ट्यूना खाऊन दिवस काढले. ब्रिटिश राजदूत मायकल वेस्टन यांचीही तीच गत. डिसेंबरपर्यंत ही माणसं टिकून राहिली आणि त्यांच्या चिवटपणाला सलामच करायला हवा. पण कुंपणाबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. त्यांच्या शेकडो देशबांधवांना सद्दामने मानवी ढाल म्हणून ओलीस धरलं होतं आणि आतले राजदूत त्यांच्यासाठी फारसं काही करू शकत नव्हते. त्यांचं तिथे राहणं ही एक राजकीय घोषणा होती: आम्ही हे विलीनीकरण मानत नाही.

भारतापुढचा हिशेब वेगळा होता. आपली दीड लाखाहून जास्त माणसं तिथे होती आणि त्यांना बाहेर काढायची वाट इराकमधूनच जात होती. राजदूत ए. के. बुधराजा यांनी दूतावासाचं काम बसऱ्याला हलवलं. नकाशा काढून बघा. बसरा इराकमध्ये, कुवेतच्या उत्तरेला. आठ वर्षांच्या इराण-इराक युद्धात तोफांनी भाजून निघालेलं शहर. कुवेतहून निघालेली बस बगदादला जायची तर वाटेत आधी बसरा लागतं. जीव वाचवायला पळणारा माणूस हल्लेखोराच्याच देशात, आणि तेही आपल्या माणसांच्या वाटेवर, कशाला जाऊन बसेल?

दूतावास हलवणं म्हणजे पळणं, हा समज २०२२ मध्ये युक्रेन युद्धातही दिसला. १३ मार्चला भारताने कीव्हचा दूतावास तात्पुरता पोलंडमध्ये वॉर्साला नेण्याचं जाहीर केलं, तेव्हा हाच मेसेज नावं बदलून फिरला. युक्रेनमधल्या सुमी शहरात अडकलेले आपले विद्यार्थी ८ मार्चला बाहेर पडले होते, त्यानंतरची ही घोषणा, हे त्यात कुणी लिहिलं नाही. मे महिन्यात दूतावास कीव्हला परतला, त्याचा मेसेज अर्थातच आला नाही.

पण एक मान्य करायला हवं. कुवेतमधल्या लोकांचा तेव्हाचा राग खोटा नव्हता. आपल्या डोळ्यांदेखत दूतावासाचं दार बंद झालं, तर बसऱ्याचा नकाशा बघून कुणाचं समाधान होईल? पगार थांबलेले, बँका बंद. इराकने कुवेती दिनार आपल्या दिनाराच्या बरोबरीचा ठरवला आणि पुढे तो चलनातूनच काढून टाकला. आयुष्याची पुंजी कागद झाली. मोजक्या अधिकाऱ्यांचा दूतावास त्या गर्दीला पुरा पडणं शक्यच नव्हतं, आणि तो पडलाही नाही. अपुरा पडला म्हणा, मी हो म्हणेन. पळाला म्हणू नका.

"दिल्ली झोपली होती." अम्मानहून मुंबईला लोकांना आणणारी एअर इंडियाची उड्डाणं १३ ऑगस्टला सुरू झाली. आक्रमणानंतर अकराव्या दिवशी. त्या अकरा दिवसांत काय काय जमवावं लागलं असेल? कुवेतमध्ये विमान उतरवता येत नव्हतं. ६ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ६६१ करून इराक आणि कुवेतवर निर्बंध लादले होते. राहिला एकच मार्ग: कुवेत, बसरा, बगदाद, तिथून पश्चिमेचं वाळवंट ओलांडून जॉर्डन, मग अम्मान. सुमारे दीड हजार किलोमीटर, ऐन ऑगस्टच्या उन्हात, बसने. त्यासाठी इराकची बाहेर सोडायची तयारी हवी, जॉर्डनची आत घ्यायची तयारी हवी, अम्मानच्या विमानतळावर रोज उतरायची जागा हवी. आणि जॉर्डनच्या सीमेवर त्याच वेळी इजिप्त, बांगलादेश, श्रीलंका, फिलिपाइन्सचे लाखो लोक येऊन थडकत होते.

ही तयारी मिळवण्याचं काम तीन टोकांवरून चाललं होतं. दिल्लीत आखाती देशांचा विभाग सांभाळणारे के. पी. फेबियन, बगदादमध्ये राजदूत कमल बक्षी, अम्मानमध्ये राजदूत गजेंद्र सिंग. यांतलं एकही नाव मेसेजमध्ये नसतं. गजेंद्र सिंग यांचं काम तर कुणाच्या खिजगणतीतही नसतं. सीमेवरून आलेल्या माणसाला थारा द्यायचा, खायला घालायचं, कागद तपासायचे, यादीत नाव चढवायचं, विमानात बसवायचं. हे एकदा नव्हे, रोज, जवळजवळ दोन महिने. एअर इंडियाने एकूण ४८८ उड्डाणं केली आणि १,११,००० हून अधिक माणसं आणली. नागरी विमानांनी केलेली सर्वांत मोठी सुटका म्हणून तिची गिनेस बुकात नोंद आहे. भागाकार करून पाहा: दर खेपेला सव्वादोनशेच्या पुढे माणसं, दिवसाला सरासरी आठ विमानं. झोपेत हे होत नाही. त्या वेळी एअर इंडियाचं मुख्यालय नरिमन पॉइंटला होतं, त्यामुळे मुंबईने तरी हे विसरू नये.

"एकाच व्यापाऱ्याने केलं." हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण तो अर्धा खरा आहे. कुवेतमधल्या भारतीयांनी स्वतः उभं केलेलं काम अफाट होतं. 'टोयोटा सनी' म्हणून ओळखले जाणारे मथुण्णी मॅथ्यूज, हरभजनसिंग वेदी आणि त्यांच्यासोबतच्या कितीतरी जणांनी समिती केली, शाळेत छावणी थाटली, धान्य गोळा केलं, बसगाड्या ठरवल्या. त्यांचं श्रेय कमी करायची माझी इच्छा नाही. उलट तक्रार अशी की मेसेज त्यांचंही श्रेय ढापतो. एका समितीचं काम एका काल्पनिक नायकाच्या खिशात टाकतो. शिवाय ही माणसं दूतावासाशी आणि दिल्लीशी बोलतच काम करत होती.

आता ज्या गोष्टीवर सगळं अडलेलं होतं, तिच्याकडे येऊ. आखातात काम केलेल्या कुणालाही विचारा, रत्नागिरीच्या असो की मलबारच्या: पासपोर्ट कुणाजवळ असायचा? कफीलजवळ, म्हणजे मालकाजवळ. मालक २ ऑगस्टनंतर सौदीत निघून गेलेला, पासपोर्ट त्याच्या कपाटात. हातात कसलाच कागद नसलेला माणूस दोन आंतरराष्ट्रीय सीमा कशा ओलांडणार? त्याला लागतो तो कागद, ज्याला आखातातली आपली माणसं 'आउटपास' म्हणतात: हा भारतीय आहे, याला मायदेशी जाऊ द्या, एवढंच सांगणारा, एका प्रवासापुरता दाखला. व्यापारी बस भाड्याने आणू शकतो, तांदूळ आणू शकतो, इराकी अधिकाऱ्याचा हातही ओला करू शकतो. आउटपासवर भारत सरकारचा शिक्का मारू शकत नाही. तो शिक्का फक्त दूतावासाकडे असतो. सिनेमात असा प्रसंग घ्यायचा तर काय दाखवणार? एक थकलेला कारकून, समोर रांग, नाव काय, वडिलांचं नाव काय, गाव कुठलं, पुढचा. पाच सेकंदांत प्रेक्षक पॉपकॉर्न आणायला जाईल.

अन्नाचंही तेच. निर्बंधांमुळे कुवेतमध्ये अडकलेल्यांसाठी धान्याचं जहाज पाठवणंही अवघड झालं होतं. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध समितीकडे धोशा लावला. १३ सप्टेंबरला ठराव क्रमांक ६६६ झाला, मानवतेच्या कारणासाठी अन्न कसं पाठवायचं याची पद्धत ठरली आणि 'विश्वसिद्धी' जहाज धान्य घेऊन निघालं. न्यूयॉर्कमधल्या खोलीत मसुद्यातल्या एकेका शब्दावर वाद घालणारा अधिकारी आणि कुवेतच्या छावणीतलं भाताचं ताट, यांच्यात असा धागा असतो. छावणीतल्या माणसाला तो दिसत नाही, यात त्याची चूक नाही. तीस-पस्तीस वर्षांनी निवांत बसून मेसेज लिहिणाऱ्याला मात्र तो दिसायला हवा.

"मंत्री मिठी मारून आले." परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल ऑगस्टमध्ये बगदादला गेले, सद्दामने त्यांना आलिंगन दिलं, फोटो जगभर छापला गेला आणि भारताची शोभा झाली. टीका योग्यच होती. आक्रमणाचा निषेध करताना भारताने जी चाचपडती भाषा वापरली, तीही अनेकांना बोचली. पण त्याच फेरीत ते पुढे कुवेतमध्ये गेले, अडकलेल्यांना भेटले, आणि आपल्या लोकांना इराकमधून जाऊ देण्याचा शब्द घेऊन परतले. ज्याच्या ताब्यात माणसं असतात त्याच्याशीच बोलावं लागतं. पाश्चात्त्य ओलीस अडकून पडले होते त्या काळात आपले लोक बसमध्ये बसत होते, ते कशामुळे, याचं उत्तर त्या फोटोच्या आसपासच आहे. मला तो फोटो आजही आवडत नाही, हे वेगळं.

राहिलं शेवटचं वाक्य. "त्यांना कवच असतं." १९६१ च्या व्हिएन्ना कराराने राजनैतिक अधिकाऱ्यांना संरक्षण दिलं आहे, खरंय. पण ते यजमान सरकारवर बंधनकारक असतं. जमाव, बंडखोर, स्फोटकांनी भरलेली गाडी यांनी त्या करारावर सह्या केलेल्या नसतात. तेहरानमध्ये १९७९ साली तर यजमानांनीच पाठ फिरवली आणि ५२ अमेरिकी ४४४ दिवस ओलीस राहिले. काबूलमध्ये ७ जुलै २००८ ला आपल्या दूतावासाच्या फाटकावर गाडी उडवली गेली. आत शिरत असलेले परराष्ट्र सेवेतले व्ही. व्यंकटेश्वर राव आणि लष्करी अधिकारी ब्रिगेडियर रवी दत्त मेहता ठार झाले. इंडो-तिबेटी पोलिस दलाचे अजय पठानिया आणि रूप सिंग हे जवानही गेले. एकूण ५८ बळी, त्यांत बहुतेक अफगाण नागरिक.

कवचावरून टीका करायचीच असेल तर एक रास्त जागा आहे: दूतावासातले स्थानिक कर्मचारी. ड्रायव्हर, दुभाषे, माळी, कारकून. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलहून आपले राजदूत आणि सहकारी वायुदलाच्या विमानाने जामनगरला उतरले, तेव्हा तिथली इमारत अफगाण कर्मचाऱ्यांनी सांभाळली. पुढच्या जूनमध्ये भारताचं तांत्रिक पथक परत गेलं तोवर तेच तिथे होते. त्यांच्याजवळ ना करार, ना विमान. यावर कुणी मेसेज लिहिला तर मी स्वतः पुढे पाठवीन.

ज्याने हा मेसेज टाकला तो आमचा वर्गमित्र पुण्यात एरंडवण्याला राहतो. मी त्याला विचारलं, नवी पेठेत येताना तू कोणत्या पुलावरून येतोस? म्हणाला, म्हात्रे पूल, का? मग त्याला लिहिलं. रवींद्र म्हात्रे, बर्मिंगहॅममधल्या भारतीय उच्चायुक्तालयाच्या कचेरीतले अधिकारी. ३ फेब्रुवारी १९८४ ला कामावरून घरी जाण्यासाठी बसमधून उतरले आणि पळवले गेले. अपहरणकर्त्यांना भारतात तुरुंगात असलेला काश्मिरी फुटीरतावादी मकबूल बट याची सुटका आणि दहा लाख पौंड हवे होते. दोन दिवसांनी म्हात्रे यांचा मृतदेह सापडला. ११ फेब्रुवारीला तिहारमध्ये बटला फाशी झाली.

बराच वेळ ग्रुपवर काही आलं नाही. मग त्याचा एकच ओळीचा मेसेज आला: "इतकी वर्षं मला वाटत होतं, म्हात्रे म्हणजे कुणीतरी जुना नगरसेवक असणार."