तोरा शिकणाऱ्याला लढाई माफ? ग्रंथ काय म्हणतात ते बघा

इस्राएलमध्ये सक्तीच्या लष्करसेवेचा वाद पेटला की एक दावा हमखास फिरू लागतो: "तोराचा अभ्यास करणाऱ्याला सैन्यात जावं लागत नाही, ही ज्यू धर्मशास्त्राचीच आज्ञा आहे." तोरा म्हणजे ज्यूंचा पाच पुस्तकांचा मूळ धर्मग्रंथ. इस्राएलवर टीका करणारेही हे सांगतात आणि तिथल्या हरेदी, म्हणजे कर्मठ, समाजाची बाजू घेणारेही. दोघंही ज्यू धर्मावर अन्याय करतात असं माझं स्पष्ट मत आहे. या दाव्याला जे आधार दिले जातात ते एकेक करून पाहू.

पहिला आधार: "सूट तर खुद्द तोरामध्येच आहे." आहे, पण ती कुणाला आहे? तोरातल्या 'अनुवाद' नावाच्या पाचव्या पुस्तकाचा विसावा अध्याय उघडा. सैन्य उभं आहे, अंमलदार पुढं येऊन विचारतात: नवं घर बांधून अजून त्यात राहायला कोण गेलेलं नाही? द्राक्षमळा लावून त्याचं फळ कुणी चाखलेलं नाही? वाङ्‌निश्चय होऊन लग्न कुणाचं राहिलंय? भ्यालेला, कच्च्या काळजाचा कोण आहे? त्यानं घरी जावं. यादी इथं संपते. तिच्यात पंडित नाही की विद्यार्थी नाही. शिवाय परत पाठवलेल्यांपैकी बहुतेकांना मिश्ना, म्हणजे ज्यू नियमांचा प्राचीन संग्रह, अन्नपाणी पुरवायच्या आणि रस्ते दुरुस्त करायच्या कामाला लावते.

याच चर्चेच्या शेवटी मिश्ना, सोटा या प्रकरणात, एक भेद करते. ही माणसं माघारी फिरतात ती राजानं आपणहून काढलेल्या लढाईतून. धर्मकर्तव्य म्हणून करायच्या लढाईत मात्र सगळे निघतात, "नवरदेव आपल्या खोलीतून आणि नवरी आपल्या मांडवातून". मग धर्मकर्तव्याची लढाई कोणती? चालून आलेल्या शत्रूपासून इस्राएलला सोडवणं हीसुद्धा तीच, असं बाराव्या शतकातला थोर धर्मशास्त्री रामबाम (मायमोनिडीज) राजांच्या नियमांत स्पष्ट लिहितो. आता सांगा, नवरी मांडवातून उठते तिथं पोथीपुढं बसलेला कसा बसून राहील?

दुसरा आधार याच रामबामचा दिला जातो, आणि तो वरवर भक्कम वाटतो. लेवी वंश ईश्वराच्या सेवेसाठी वेगळा काढला, ते इतरांसारखे लढायला जात नाहीत आणि मनानं ठरवणारा कोणीही माणूस तसाच पवित्र होतो, असं त्यानं लिहिलं आहे. शब्द खरे आहेत. पण ते आले आहेत जमिनीच्या आणि योबेल (दर पन्नासाव्या) वर्षाच्या नियमांच्या अखेरीस, आणि तिथं तो "जगातला कोणीही" म्हणतो, येशिवाचा (तोरा शिकवणाऱ्या पाठशाळेचा) विद्यार्थी म्हणत नाही. लढाईचे नियम त्यानं जिथं घालून दिले तिथं अभ्यासकाच्या सवलतीचा उल्लेखही नाही. उलट, काम न करता दानावर जगून तोरा शिकायचं ठरवणारा ईश्वराच्या नावाला बट्टा लावतो, असं त्यानंच दुसरीकडं लिहून ठेवलंय. आणि हनुक्काचा सण ज्यांच्या विजयाचा आहे ते मक्काबी कोण होते? लेवी वंशातलेच पुरोहित.

तिसरा आधार तालमूदमधला, म्हणजे मिश्ना आणि तिच्यावरच्या चर्चांच्या ग्रंथातला: "पंडितांना राखणीची गरज नसते." बाबा बात्रा या भागात हे वाक्य आहे खरं, पण ते गावकुसाच्या पट्टीबद्दल आहे. तटबंदीचा खर्च कुणाकडून घ्यायचा, एवढाच तिथला प्रश्न. आणि लगेच पुढं म्हटलंय की विहीर खणायची तर पंडितांनीही वाटा उचलायचा.

ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम याची गोष्टही सांगतात. पुतण्या लोट याला शत्रूकडून सोडवायला त्यानं 318 माणसं नेली, त्यात अभ्यासकांना जुंपलं, म्हणून त्याचे वंशज मिसरात गुलाम झाले. तालमूदमध्ये हे मत आहे, नाही असं नाही. पण गुलामीची कारणं तिथं तीन दिलीत, त्यातलं हे एक. हा कथाभाग आहे, नियम नव्हे. कथाच घ्यायची तर तालमूदमधली राजा दावीद आणि त्याचा सेनापती योआब यांचीही घ्या: दावीदाची तोरा नसती तर योआबाला लढता आलं नसतं आणि योआब नसता तर दावीदाला तोरा शिकता आली नसती. रूबेन आणि गाद या वंशांना मोशे विचारतो तेही आठवा: तुमचे भाऊ लढायला जाणार आणि तुम्ही इथं बसणार?

मग आजची सूट आली कुठून? 1948 साली इस्राएलचे पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांनी सुमारे 400 विद्यार्थ्यांची भरती लांबणीवर टाकली. युरोपातल्या येशिवा नाझींनी नुकत्याच राखेला मिळवल्या होत्या. उरलेलं बीज जपायचं होतं. मला तो निर्णय तेव्हा योग्यच वाटतो. 1977 नंतर पंतप्रधान बेगिन यांच्या आघाडी सरकारात संख्येची मर्यादा उठली. न्यायालयानं सवलतीचे कायदे 2012 मध्ये आणि पुन्हा 2017 मध्ये रद्द ठरवले. 25 जून 2024 रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की आता सवलतीला कायद्याचा आधारच उरलेला नाही. तोवर आकडा सुमारे 63 हजारांवर गेला होता. हा सगळा प्रवास संरक्षण खात्याच्या आणि आघाड्यांच्या कागदांवरचा आहे.

शेवटचा मुद्दा: "धर्म पाळणाऱ्याला सैनिक होता येत नाही." इस्राएलमध्ये हेस्देर येशिवा आहेत; तिथली मुलं अभ्यास आणि लष्करसेवा दोन्ही करतात. पोरं बराकीत गेली की आपली राहणार नाहीत, ही हरेदी आईबापांची भीती मला समजते आणि ती खोटी नाही. पण ती भीती म्हणूनच सांगावी. आणि लांब कशाला जायचं, आपल्या कोकणातले बेने इस्राएल बघा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. त्यांच्यातले कितीतरी जण कंपनीच्या मुंबई फौजेत सुभेदार, जमादार झाले. त्यांतलेच एक सॅम्युएल इझिकेल दिवेकर टिपूच्या कैदेत सापडले, सुटून आले आणि 1796 साली त्यांनी मुंबईत मांडवीला समाजाचं पहिलं प्रार्थनामंदिर उभं केलं.