कार्बन करावर भांडताना घ्यायची काळजी

कार्बन कर म्हणजे इंधन जाळून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर टनामागे लावलेला कर. त्यावर बोलायला अर्थशास्त्र यावं लागतं, हा समज आधी काढून टाका. ज्यांना ते येतं त्यांचं या विषयावर फारसं भांडणच नाही, म्हणून तर त्यांना चर्चेला कोणी बोलावत नाही. धूर एकाचा आणि खोकला दुसऱ्याचा असेल तर खोकल्याचा खर्च धुराच्या किमतीत धरावा, एवढ्या अर्थाचं अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू 1920 सालीच लिहून गेले. 2019 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पंचविसांहून अधिक नोबेलविजेत्यांनी आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या त्या वेळी हयात असलेल्या सगळ्या माजी अध्यक्षांनी एका पत्रकावर सह्या केल्या: कार्बन कर लावा आणि जमलेला पैसा लोकांना सारखा वाटून टाका. व्याजदर पाव टक्का हलवायचा की नाही यावर आयुष्य घालवलेली माणसं एका सुरात बोलली. तुम्ही कराचे विरोधक, तुम्ही विचलित होऊ नका. सह्या पंचवीस असोत की पंचवीसशे, निवडणुकीत त्यांची मतं तेवढीच.

सुरुवात टनापासून करा. टन हे वादासाठी फार सोयीचं माप आहे, कारण पंपावर कोणी टनात पेट्रोल भरत नाही. 'टनाला 50 डॉलर' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ट्रक उभा राहतो. पुढचं गणित मात्र चुकूनही करून दाखवू नका. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. (पेट्रोलच्या वजनापेक्षा जास्त, कारण ऑक्सिजन हवेतून येतो. हा मुद्दा कोणी काढला तर 'बघा, आकडेच खोटे' असं म्हणून टाळ्या घ्या.) म्हणजे टनाला 50 डॉलर कर झाला लिटरमागे साडेअकरा सेंट. कच्च्या तेलाचा भाव दोन-चार महिन्यांत कोणाला न विचारता पेट्रोल एवढं वरखाली करतोच, पण त्याच्यावर मोर्चा कुठे न्यायचा?

टन कमी पडला तर आणखी एक हुकमी युक्ती आहे. कर कार्बनच्या टनावर की कार्बन डायऑक्साइडच्या टनावर, हे सांगूच नका. कार्बनचं अणुभारमान 12, कार्बन डायऑक्साइडचं रेणुभारमान 44. म्हणजे डायऑक्साइडच्या टनाला 100 डॉलर हाच कर कार्बनच्या टनाला 367 डॉलर होतो. कर वाढवून सांगायचा असेल तर 367 म्हणा, मामुली ठरवायचा असेल तर 100. दोन्ही खरे आहेत, त्यामुळे पकडले जायची भीती नाही.

आता परतावा, म्हणजे जमलेला कर लोकांना सारखा वाटून परत देणं. इथे विशेष दक्षता हवी, कारण सगळा वाद ढासळण्याची जागा हीच. समजा दोनच घरं आहेत. पहिलं वर्षाला 2,000 लिटर इंधन जाळतं, दुसरं 500. लिटरमागे साडेअकरा सेंट म्हणजे पहिल्याने भरले 230 डॉलर, दुसऱ्याने साडेसत्तावन्न. जमा झाले 287 डॉलर 50 सेंट. ते सारखे वाटले तर प्रत्येकी 143 डॉलर 75 सेंट. पहिल्याच्या खिशातून निव्वळ 86 डॉलर 25 सेंट गेले, तेवढेच दुसऱ्याला मिळाले. देशात घरं कोट्यवधी असतात आणि जास्त जाळणारी घरं बहुतेकदा जास्त कमावणारीही असतात, त्यामुळे सरळ वाटणीत मोठ्या संख्येने घरांना भरल्यापेक्षा जास्तच परत मिळतं. म्हणून 'कर किती भरला' एवढंच सांगा आणि श्वास घ्यायला थांबा. वजाबाकीची जबाबदारी वक्त्याची नसते.

कोणी परताव्याचं नाव काढलंच, तर लगेच विचारा: 'पैसे परतच द्यायचे तर घेता कशाला? मग इंधन कोण कमी जाळणार?' प्रश्न बिनतोड वाटतो, आणि उत्तराला चार वाक्यं लागतात, हेच त्याचं बळ. उत्तर असं की परतावा तुमच्या वापरावर ठरत नाही. तुम्ही दोनशे लिटर वाचवलेत तर कराचे 23 डॉलर तुमचे वाचतात आणि परतावा जवळजवळ तेवढाच राहतो. दुसऱ्या वाक्याशी ऐकणारे घड्याळ बघू लागतात. मात्र 'या कराने लोक मेटाकुटीला आलेत' आणि 'या कराने कोणाच्या वागण्यात काडीचा फरक पडत नाही' ही दोन वाक्यं एकाच श्वासात म्हणू नका. मध्ये निदान एक जाहिरात जाऊ द्या.

महागाईचा आकडा निवडताना कॅनडाचा धडा डोळ्यांसमोर ठेवा. तिथल्या केंद्रीय योजनेतला इंधनावरचा कर 2019 मध्ये टनाला 20 डॉलरपासून सुरू झाला आणि 2024 मध्ये 80 ला पोचला. पंपावर लिटरमागे 17.61 सेंट. महागाईत याचा वाटा किती, असं विचारल्यावर मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरांनी 2023 मध्ये दोन आकडे दिले: दरवर्षीच्या करवाढीमुळे महागाईच्या दरात सुमारे 0.15 टक्का भर पडते, आणि हा कर पूर्ण काढला तर दर एकदाच, एका वर्षापुरता, 0.6 टक्क्याने उतरेल. तुम्ही 0.6 उचला आणि 'एकदाच' हा शब्द तिथेच ठेवून या. 1 एप्रिल 2025 ला तो कर शून्यावर आणला गेला, त्यात कच्चं तेलही उतरलं, आणि महागाई मार्चच्या 2.3 टक्क्यांवरून एप्रिलमध्ये 1.7 वर आली. बारा महिन्यांनी असा परिणाम वार्षिक आकड्यातून आपोआप गळतो. तेव्हा दर पुन्हा चढलेला दिसला तर दोष द्यायला कोणीतरी सत्तेत असेलच.

जरा अभ्यासू दिसायचं असेल तर 'आर्थिक परिणाम' हा शब्द वापरा. त्यात मेख अशी की परिणाम कशाच्या तुलनेत मोजायचा हे तुम्ही ठरवता. करामुळे वेतन आणि गुंतवणुकीवरचं उत्पन्न थोडं घटेल हे धरा. पण कर नसलेल्या जगात पूर, वणवे आणि उष्णतेच्या लाटा फुकट येतात असं माना. कॅनडाच्या संसदेच्या अर्थसंकल्पीय अधिकाऱ्याच्या अहवालांत असेच दोन हिशेब होते. फक्त भरलेला कर आणि मिळालेला परतावा पाहिला तर बहुतेक कुटुंबं फायद्यात. उत्पन्नावरचा परिणाम मिळवला तर बहुतेक तोट्यात, पण हवामानबदलाचं नुकसान त्या तुलनेत धरलेलं नव्हतं. शिवाय 2024 मध्ये उघड झालं की दुसऱ्या हिशेबात उद्योगांवरच्या वेगळ्या कार्बन शुल्काचा परिणामही चुकून मिसळला होता. सुधारित आकडे ऑक्टोबरमध्ये आले. तोवर जुने आकडे सभांमधून पाठ झाले होते. दुरुस्तीची वाट पाहणं हे कामच नाही तुमचं.

आकड्यांचा कंटाळा असेल तर सरळ सर्वनाश वर्तवा. मात्र ठिकाण नेमकं सांगा. 'अर्थव्यवस्था कोसळेल' यात चित्र नाही. ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते टोनी ॲबट यांनी 2011 मध्ये व्हायला या पोलादनगरीचंच नाव घेतलं: कार्बन कर आला तर हे गाव नकाशावरून पुसलं जाईल. त्याआधी 2009 मध्ये, उत्सर्जन व्यापाराच्या (म्हणजे धूर सोडण्याच्या परवान्यांच्या खरेदी-विक्रीच्या) योजनेवरून, तिथलेच खासदार बार्नबी जॉइस यांनी कोकराच्या भाजलेल्या मांसाच्या एका तुकड्याची किंमत 100 डॉलर होईल असं सांगितलं होतं. कर 1 जुलै 2012 ला टनाला 23 डॉलर दराने लागला. व्हायला जागेवर राहिलं. जुलै 2014 मध्ये कर रद्द झाला आणि 2016 मध्ये, म्हणजे कर नसताना, तिथला पोलाद कारखाना दिवाळखोरी प्रशासकांच्या हाती गेला. अंदाज चुकला असं कोणी म्हणू शकत नाही. चुकलं ते फक्त कारण.

त्या प्रकरणात नावाचं महत्त्वही शिकण्यासारखं आहे. तिथली व्यवस्था पहिली तीन वर्षं ठरलेली किंमत आणि मग उत्सर्जन परवान्यांचा बाजार अशी होती. पण पंतप्रधान जुलिया गिलार्ड यांनी 2010 च्या निवडणुकीआधी 'माझ्या सरकारात कार्बन कर असणार नाही' असं म्हटलं होतं आणि नंतर 'याला कर म्हणा हवं तर' असं मान्य करून टाकलं. ॲबट यांच्या माजी मुख्य सहायक पेटा क्रेडलिन यांनी 2017 मध्ये दूरचित्रवाणीवर सांगितलं की तो कर नव्हताच, आम्ही त्याला कर करून टाकलं. त्याच योजनेत प्राप्तिकराची करमुक्त मर्यादा 6,000 वरून 18,200 डॉलर झाली होती. ती किती जणांना आठवते ते विचारून बघा. अर्थात विचारू नका.

इथवर वाचून कराचे समर्थक खूश झाले असतील, तर त्यांच्यासाठीही सूचना आहेत, आणि त्या ते आधीपासून काटेकोर पाळतात. पहिली सूचना: कर पंपावर मोठ्या अक्षरांत दिसू द्या, परतावा मात्र लपवा. कॅनडात इंधनावरच्या शुल्कातला सुमारे नव्वद टक्के पैसा कुटुंबांकडे परत जायचा. आधी तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात विरघळत होता. 2022 पासून दर तिमाहीला थेट खात्यात येऊ लागला, पण वेगवेगळ्या बँकांत वेगवेगळ्या त्रोटक नावांनी, त्यांत कार्बनचा उल्लेखही नाही. नाव बदलून त्यात 'कार्बन' आणि 'रिबेट' हे शब्द घातले 2024 मध्ये, गाडी सुटायला आली तेव्हा. स्वित्झर्लंडने तर सक्तीच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यातून रक्कम वजा करण्याचा मार्ग काढला. वाटणी माणशी सारखी, हिशेब चोख, आणि घेणाऱ्याच्या लक्षात येण्याची शक्यता कमीत कमी.

दुसरी सूचना: मुहूर्त पाहून कर वाढवा. फ्रान्सने जानेवारी 2018 मध्ये इंधनावरचा कार्बन कर टनाला 30.50 युरोवरून 44.60 वर नेला आणि त्याच महिन्यात धनिकांवरचा संपत्ती कर रद्द करून फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला. माणशी सारखा परतावा वगैरे काही नाही. वर्षभरात डिझेलही महागलं. 17 नोव्हेंबरला पिवळी जाकिटं घातलेली माणसं निषेधासाठी चौकाचौकांत उभी राहिली. पुढची वाढ रद्द झाली आणि दर 44.60 वरच गोठला. जाकिटं मात्र सरकारनेच प्रत्येक गाडीत सक्तीची केली होती.

तिसरी: एकच पैसा चार जणांना कबूल करा. परतावा देऊ, इतर कर कमी करू, सौर पॅनेल बसवू, तूटही भरू. आणि तसं न करता एकच वाट धरलीत तर आपल्यातच भांडा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात 2016 च्या सार्वमतातल्या प्रस्तावात पैसा विक्रीकर कमी करून परत द्यायचा होता, म्हणून पर्यावरणाच्याच काही संघटना विरोधात गेल्या. 2018 मध्ये पैसा हरित कामांवर घालायचं ठरलं, तेव्हा तेल कंपन्यांनी प्रचारावर पाण्यासारखा पैसा ओतला. मतदारांनी दोन्ही प्रस्ताव फेटाळून समतोल राखला.

चौथी सूचना सवलतीची. कर लावताच अपवाद सुरू करा. कॅनडाने 2023 च्या ऑक्टोबरमध्ये घर तापवायच्या तेलाला तीन वर्षांची सूट दिली. ते तेल मुख्यतः अटलांटिक किनाऱ्याकडच्या प्रांतांत वापरलं जातं. गॅसवर घर तापवणाऱ्यांनी विचारलं, आमचं काय? तेल तर गॅसपेक्षा जास्त कार्बन सोडतं. या एका सवलतीने विरोधकांच्या दहा सभांचं काम केलं.

स्वीडनचा विषय निघाला तर दोन्ही बाजूंनी घाई करा. तिथे 1991 पासून कर आहे, सुरुवात टनाला 250 क्रोनर, आज तो जगातल्या सर्वांत चढ्या दरांपैकी एक. उत्सर्जन घटलं आणि अर्थव्यवस्था वाढली. विरोधकांनी हे ऐकू आलं नाही असं दाखवावं. समर्थकांनी हे सांगू नये की तिथली वीज आधीच बहुतांश जल आणि अणुऊर्जेची होती, उद्योगांना बरीच वर्षं सवलतीचा दर होता आणि कराच्याच वर्षी प्राप्तिकर कमी केला होता. ब्रिटिश कोलंबिया प्रांताबाबतही तेच. 2008 मध्ये टनाला 10 डॉलर, 2012 मध्ये 30, आणि अभ्यासांच्या अंदाजानुसार उत्सर्जनात 5 ते 15 टक्के घट. या आकड्यावर भांडायला काहीच मजा नाही. सर्वनाशाला तो फार लहान, आणि जग वाचवायलाही.

'आपला वाटा दोन टक्केसुद्धा नाही, आपणच का?' हे वाक्य राखून ठेवा. जगातले जे जे देश हे वाक्य म्हणू शकतात, त्यांच्या उत्सर्जनाची बेरीज जगाच्या सुमारे एक तृतीयांश भरते, पण ते एकाच खोलीत बसून म्हणत नाहीत. परदेशी माल कर न भरता येतो अशी तक्रार करा. युरोपीय संघाने 2026 पासून केलंय तसं पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम आणि खतांवर सीमेवर शुल्क लागू झालं, की हा संरक्षणवाद आहे अशी तक्रार करा. पत्ता तोच, फक्त पाकीट बदला.

शेवटी कर रद्द करवून घेतलात की एक छोटं काम उरतं. कॅनडात रिबेटचा शेवटचा हप्ता 22 एप्रिल 2025 ला खात्यांत पडला. पुढची तिमाही उजाडेल, तेव्हा कोणीतरी पासबुक चाळत तुम्हाला विचारेल, 'ते पैसे यायचे ना, ते का आले नाहीत हो?' भांबावून जाऊ नका. 'कसले पैसे?' असं विचारा. नोंदीतलं नाव वाचून दाखवायचा प्रयत्न तो करील, पण त्यावरून त्यालाही काही सांगता येणार नाही.