‘शाळेतला पडदा कपाटात ठेवा’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या रविवारी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला एक लांबलचक संदेश पाठवला आणि त्याखाली एवढेच लिहिले, “वाच. यात तथ्य आहे.” हाच संदेश त्याआधी आमच्या पालकांच्या गटावर आला होता आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या एका सदस्यांनी तो मलाही धाडला होता. तेव्हा मी तो वाचून सोडून दिला. परंतु चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलेल्या माणसाला त्यात तथ्य वाटते आणि त्याचीच मुलगी आज तशाच एका शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते, म्हटल्यावर गप्प बसणे मला जमेना.

ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी त्याचा सारांश असा. स्वीडनने शाळांतील सर्व संगणक आणि टॅबलेट हद्दपार करून पुन्हा पुस्तके आणली. पडद्यांमुळे मुलांचे लक्ष आठ सेकंदांवर आले असून ते गोल्डफिश माशापेक्षाही कमी आहे. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्ज यांनी स्वतःच्या मुलांना आयपॅड दिला नाही. वर्गात प्रोजेक्टरवर प्रश्नमंजूषा आणि खेळ घेणे ही निव्वळ करमणूक आहे, खेळातून आलेले ज्ञान टिकत नाही, ते ऐकून, वाचून आणि लिहूनच येते. शेवटी पालकांना आवाहन आहे की, शिकवण्याचा कंटाळा असलेले शिक्षकच असले खेळ घेतात, तेव्हा लोकवर्गणीतून घेतलेला प्रोजेक्टर कपाटात ठेवायला सांगा.

स्वीडनपासून सुरुवात करते, कारण संदेशाचा सारा डोलारा त्या एका देशावर उभा आहे. स्वीडनने २०२३ साली आपले धोरण बदलले हे खरे आहे. चौथीच्या मुलांच्या वाचनाची ‘पर्ल्स’ ही जी आंतरराष्ट्रीय चाचणी होते, तिच्यात त्या देशाचे गुण २०१६ मधील ५५५ वरून २०२१ मध्ये ५४४ वर आले. तेथील करोलिन्स्का इन्स्टिट्यूट या नामवंत वैद्यकीय संस्थेने शाळांच्या डिजिटल धोरणावर कडक टीका केली. त्यानंतर सरकारने छापील पुस्तकांसाठी मोठी तरतूद केली आणि सहा वर्षांखालील मुलांच्या बालशाळांमध्ये डिजिटल साधने सक्तीची ठेवायची नाहीत असे ठरवले. यात हद्दपारी कोठेच नाही. ज्या देशाने २०१८ पासून गणिताच्या अभ्यासक्रमातच प्रोग्रॅमिंग आणले आहे, तो मोठ्या मुलांच्या शाळेतून संगणक काढून टाकणार तरी कसा? शिवाय स्वीडनमधील वाद होता तो पुस्तकाची जागा पडद्याने घेण्याचा, प्रत्येक मुलाच्या हातात स्वतंत्र यंत्र देण्याचा. माझ्या वर्गात एकतीस मुले, एक प्रोजेक्टर आणि माझा स्वतःचा फोन आहे. पुस्तके प्रत्येकाकडे आहेत आणि ती रोज उघडली जातात. स्वीडनने जे परत आणले ते आमच्याकडून कधी गेलेच नव्हते.

पुस्तकाच्या बाजूने एक गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करते. २०१८ साली ५४ अभ्यास आणि १ लाख ७० हजारांहून अधिक वाचक यांच्या निष्कर्षांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला आणि कागदावर वाचलेला मजकूर पडद्यावर वाचलेल्या मजकुरापेक्षा अधिक चांगला समजतो, असे त्यात दिसून आले. माहितीपर मजकूर आणि वेळेचे बंधन असेल, तर हा फरक अधिक जाणवतो. म्हणून मी धडा पडद्यावर वाचायला लावत नाही. पण धडा पडद्यावर वाचणे वेगळे आणि वाचलेल्या धड्यावर प्रत्येक मुलाकडून उत्तर घेणे वेगळे. संदेश लिहिणाऱ्याने या दोन्हींची एकच मोट बांधली आहे.

गोल्डफिशबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. आठ सेकंदांचा आकडा मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातील शाखेने २०१५ साली काढलेल्या एका अहवालातून जगभर पसरला. तो आकडा अहवालाने दुसऱ्याच एका संकेतस्थळावरून उचलला होता आणि २०१७ मध्ये बीबीसीच्या पत्रकारांनी त्याचे मूळ शोधले, तेव्हा त्यामागे कोणतेही संशोधन सापडले नाही. आठ सेकंदांत लक्ष उडणारी मुले मधल्या सुट्टीत पाऊण तास विटी-दांडू कशी खेळतात, याचा तरी संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी विचार करायला हवा होता.

स्टीव्ह जॉब्ज यांचे विधान घरातील वापराबद्दल होते. मुलांनी घरी तंत्रज्ञान किती वापरायचे यावर आम्ही मर्यादा घालतो, असे त्यांनी एका पत्रकाराला सांगितले होते. ती मर्यादा मीही माझ्या मुलाला घालते. त्यातून वर्गाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आता येते ते वाक्य, ज्याने मला खरोखर अस्वस्थ केले: ‘प्रश्नमंजूषा ही करमणूक आहे, खेळातून आलेले ज्ञान टिकत नाही.’ हे नुसते चूक नाही, त्याने मुलांचे नुकसान होते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिते.

वर्गात प्रश्न विचारला की काय होते, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. तेच पाच-सहा हात वर येतात. त्यांपैकी एकाचे उत्तर बरोबर येते, बाकीचे माना डोलावतात आणि आपण पुढच्या उदाहरणाकडे वळतो. गेल्या वर्षी सहावीला अपूर्णांक शिकवताना मी असेच पुढे जात होते. लहान-मोठेपणा झाला, समच्छेद झाला, आता बेरीज, अशी गाडी सुरळीत चालली होती. त्याच सुमारास मी प्लिकर्सची कार्डे छापून पुठ्ठ्यावर चिकटवली. ज्यांनी ती पाहिली नाहीत त्यांना सांगते की, यात मुलांच्या हाती कोणतेही यंत्र नसते. प्रत्येक मुलाजवळ काळ्या-पांढऱ्या चौकोनी नक्षीचे एक कार्ड असते आणि त्याच्या चार बाजूंवर बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी छापलेले असते. जे उत्तर द्यायचे ती बाजू वर करून कार्ड धरायचे. प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याकडे बघून उत्तर उचलता येत नाही. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिले ते क्षणात दिसते.

पहिलाच प्रश्न मी अगदी सोपा समजून टाकला होता: १/३ आणि १/४ यांपैकी मोठा अपूर्णांक कोणता? निम्म्याहून अधिक वर्गाने १/४ ची बाजू वर केली. त्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी होती, जी कधी हात वर करत नाही, वही सुबक ठेवते आणि समजले का असे विचारले की मान हलवते. तिला जवळ बसवून विचारले तेव्हा ती म्हणाली, “बाई, तीनपेक्षा चार मोठे ना?” तिने तीन आठवडे प्रत्येक उदाहरण फळ्यावरून अचूक उतरवून घेतले होते आणि तीन आठवडे ती हाच समज मनात धरून बसली होती. त्या दिवशी बेरीज बाजूला ठेवून आम्ही कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या घेतल्या, घड्या घालून एकीचे तीन सारखे भाग केले आणि दुसरीचे चार, आणि एकेक भाग शेजारी ठेवून पाहिला. मग मुलांना शेजाऱ्याशी बोलायला लावले आणि तोच प्रश्न पुन्हा टाकला. विचारा, बोलू द्या, पुन्हा विचारा, ही पद्धत हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून आपल्या वर्गात रुजवली आणि ती जगभर गेली, हे मला नंतर कळले.

आणि अण्णा, तुम्ही यापेक्षा वेगळे काय करत होता? मी तुमच्याच वर्गात बसले आहे. तोंडी गणित सांगून झाले की तुम्ही म्हणायचात, “पाट्या वर!” चाळीस पाट्या एकदम उचलल्या जायच्या आणि तुमची नजर पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत फिरायची. ज्याचे चुकले त्याला तुम्ही नाव घेऊन पुढे बोलावत नव्हता, मागून जाऊन हळूच विचारत होता. पाटी ही तुमची करमणूक नव्हती, तसे माझे कार्डही नाही. फरक एवढाच की, कोणत्या मुलाचे मागच्या सोमवारी काय चुकले होते याची नोंद माझ्यापाशी राहते आणि तुम्हाला ती डोक्यात ठेवावी लागत असे.

ज्ञान टिकत नाही म्हणणाऱ्यांसाठी एक प्रयोग सांगते. २००६ साली अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. काही उतारे दोनदा वाचायचे होते, तर काही एकदाच वाचून आठवेल तेवढे लिहून काढायचे होते. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा दोनदा वाचलेला मजकूर पुढे होता, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने मात्र चित्र उलटले. दोनदा वाचलेल्यातले ४२ टक्के आठवत होते आणि स्वतःहून आठवून काढलेल्यातले ५६ टक्के. प्रश्नमंजूषेत मूल हेच करते, ते पुस्तक मिटून आठवते. म्हणजे ज्या कृतीला संदेश वेळेचा अपव्यय म्हणतो, तिनेच आठवण टिकते.

एवढे लिहिल्यावर जे खरे आहे तेही लिहायला हवे, जरी ते या संदेशाच्या पारड्यात पडले तरी. पडदा लावून शिक्षक बाजूला झाला तर मुलांचे नुकसान होते आणि याचा भक्कम पुरावा आपल्या शेजारच्या गुजरातमधलाच आहे. अर्थतज्ज्ञ ली लिंडन यांनी ज्ञानशाला या संस्थेच्या शाळांत दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी गणिताच्या संगणकीय कार्यक्रमाची दोन प्रकारे तपासणी केली. पहिल्या प्रकारात नेहमीच्या शिकवण्याच्या वेळातला काही वेळ काढून मुलांना संगणकावर बसवले गेले. दुसऱ्या प्रकारात तोच कार्यक्रम शाळेच्या वेळेआधी किंवा नंतर, शिकवण्याला जोड म्हणून दिला गेला. पहिल्या प्रकारात मुलांचे गुण प्रमाण विचलनाच्या (मुलांचे गुण सरासरीपासून साधारण किती विखुरलेले असतात, त्या मापाच्या) ०.५७ पट घसरले, दुसऱ्या प्रकारात ०.२८ पट वाढले. शिक्षणातील प्रयोगांत ०.२ चा फरकही दखल घेण्याजोगा मानतात, यावरून या दोन आकड्यांतील दरी लक्षात यावी. साधन तेच, संस्था तीच, वयोगटही तोच. त्या शाळांत शिकवणे मुळातच चांगले होते, म्हणून त्यातला वेळ हिरावून घेणे महागात पडले.

हा एक अभ्यास समोर ठेवला की संदेशातील जवळजवळ प्रत्येक मुद्द्याला उत्तर मिळते आणि डिजिटल साधने विकणाऱ्यांच्या जाहिरातींनाही मिळते. दिल्लीत माइंडस्पार्क या संगणकीय कार्यक्रमाने साडेचार महिन्यांत गणितात प्रमाण विचलनाच्या ०.३७ पट वाढ दिसली, तेथेही मुले दीड तासापैकी अर्धा वेळच संगणकावर होती आणि उरलेला अर्धा वेळ लहान गटात शिक्षकाजवळ. अध्यापनाचा व्हिडिओ लावून मागे बसून ऑनलाइन माहिती भरणारे वर्ग मी पाहिले आहेत. त्या शिक्षकांवर माहितीचा किती बोजा असतो हे मला माहीत आहे, तरीही तो तास मुलांचा होता आणि तो वाया गेला. ज्या खेळांत घड्याळ टिकटिकते आणि सर्वांत जलद उत्तर देणाऱ्याचे नाव वर झळकते, ते मी स्वतः बंद केले, कारण सावकाश विचार करणारी मुले दुसऱ्याच फेरीला अंदाजे उत्तर देऊ लागतात.

राहिला शेवटचा आरोप, कामचुकारपणाचा. दहा प्रश्नांची एक बरी मंजूषा तयार करायला मला रात्रीचा तास-दीड तास लागतो, कारण चुकीचे पर्यायही विचार करून द्यावे लागतात. १/३ शेजारी १/४ ठेवायचा की २/५, यावर मुलाचा कोणता गैरसमज उघडा पडेल ते ठरते. हे काम कंटाळलेला माणूस करत नाही.

घरातील फोनबद्दल पालकांना वाटणारी काळजी मात्र खरी आहे. ग्रामीण शिक्षणाच्या ‘असर’ या पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरल्याचे सांगितले आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. ही तफावत शाळेतला प्रोजेक्टर कपाटात ठेवून कमी होणार नाही, कारण ती मुले तो फोन संध्याकाळी अंथरुणात पाहतात.

पुढच्या बैठकीत समितीपुढे हा विषय येणार आहे. तेथे मी गुजरातचे ते दोन आकडे फळ्यावर लिहिणार आहे आणि दोन गोष्टी लेखी मागणार आहे: शिकवण्याच्या तासाऐवजी पडदा कधीही लावला जाणार नाही, आणि महिन्यातून एकदा कोणत्याही पालकाने पूर्वसूचना न देता येऊन वर्गात बसावे. अण्णांना मी यायला सांगितले आहे. ते एक कार्ड हातात घेऊन मुलांसोबत शेवटच्या बाकावर बसणार आहेत.