तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे आता म्हणता येत नाही

मी १९९२ साली सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत पेढीवर हिशेबाच्या कामाला लागलो, तेव्हा वर्षअखेरीस तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या जमा (क्रेडिट) आणि नावे (डेबिट) शिलकांची यादी, जुळवणे हे आमच्या कामातले सर्वांत अवघड प्रकरण असे. आज माझ्या छोट्या कार्यालयात चार मुले-मुली काही डझन व्यावसायिकांचे हिशेब सांभाळतात आणि आरंभीच्या शिलका नीट घेतलेल्या असतील तर तेरीज न जुळण्याचा प्रश्नच येत नाही, कारण जमा आणि नावे सारखे झाल्याशिवाय संगणक नोंद स्वीकारतच नाही. आमच्या व्यवसायात माहिती तंत्रज्ञानाने काय बदलले, असे मला कोणी विचारले की मी इथूनच सुरुवात करतो. चूक होण्याचे थांबलेले नाही. पूर्वी ती तेरजेत उघडी पडत असे आणि आता ती जुळलेल्या तेरजेच्या आत शांत बसून राहते.

आमच्या पेढीवरच्या दिवाणजींना सगळे अण्णा म्हणत. रोजकिर्दीवरून (रोजच्या व्यवहारांची वही) खतावणी (खातेवार वही), खतावणीवरून तेरीज आणि तेरजेवरून ताळेबंद हा सगळा प्रवास ते हाताने करीत. एका मार्चअखेरीस तेरजेत १,८०० रुपयांचा फरक आला आणि मी पहिल्या पानापासून बेरजा तपासायला बसलो. अण्णांनी मला थांबवून विचारले, "नऊने भाग जातो का बघितलंस?" भाग जात होता आणि भागाकार २०० येत होता. ते म्हणाले, "मग हजाराच्या आणि शतकाच्या घरातले आकडे उलटसुलट झालेत, आणि त्या दोन आकड्यांत दोनाचा फरक आहे. तेवढेच शोध." अर्ध्या तासात सापडले. हमालीचे ५,३४० रुपये खतावणीत ३,५४० असे उतरले होते. नऊने भाग गेला नाही तर फरकाची निम्मी रक्कम काढायची आणि ती चुकीच्या बाजूला तर पडली नाही ना ते पाहायचे, हेही मी त्यांच्याकडूनच शिकलो. ही विद्या आता कोणाला लागत नाही. तिचे मला दुःख नाही, कारण रात्र रात्र जागून केलेल्या त्या बेरजांमध्ये माणसांचे डोळे गेलेले मी पाहिले आहेत. पण त्या शोधाशोधीत आमच्या हाताखालून प्रत्येक नोंद दोनतीनदा जात असे आणि कोणाचा माल, कोणत्या दराने, कोणत्या गावाहून आला हे आम्हाला पाठ होत असे, ही गोष्ट त्या कष्टांबरोबर नकळत निघून गेली.

पेढीवर १९९८ च्या सुमारास संगणक आला आणि त्याच्याबरोबर टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर आले. श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या कारखान्याच्या हिशेबासाठी सोयीचे सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी ते तयार केले आणि १९८६ मध्ये त्यांची कंपनी सुरू झाली, हे या क्षेत्रातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. खात्यांना सांकेतिक क्रमांक देण्याची सक्ती त्यात नव्हती आणि पार्टीचे नाव टाइप केले की खाते समोर येत असे, म्हणूनच ते आमच्यासारख्या तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावांत इतके रुजले, असे माझे मत आहे. अण्णांनी पहिले वर्षभर हाताची रोजकीर्द बंद केली नाही. रोज संध्याकाळी ते पडद्यावरची रोख शिल्लक आणि वहीतली शिल्लक ताडून पाहत आणि दोन्ही जुळल्याशिवाय घरी जात नसत.

अण्णांचा आणखी एक नियम होता. वहीत खाडाखोड चालत नसे. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, मूळ आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. संगणक आल्यावर हा नियम पहिल्याच दिवशी मोडला, कारण जुनी नोंद उघडून रक्कम बदलता येत होती आणि बदलल्याची खूण कुठेच उरत नव्हती. जवळजवळ अडीच दशके आम्ही सगळे असेच काम करीत राहिलो. कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमाने हे बदलले. आता कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग तारखेसह राहिला पाहिजे आणि ही सोय बंद करता येता कामा नये. हा नियम आधी २०२१ मध्ये लागू व्हायचा होता, त्याला दोनदा मुदतवाढ मिळाली आणि तो आल्यावर अनेकांनी त्याला जाच म्हटले. माझ्या मते गेल्या काही वर्षांतल्या बदलांपैकी हा सर्वांत निरोगी बदल आहे. एकल मालकीच्या आणि भागीदारीतल्या धंद्यांना तो बंधनकारक नाही, तरीही आमच्या कार्यालयात आम्ही सर्वांचेच हिशेब तसे ठेवतो.

कामाचा खरा स्वभाव बदलला तो १ जुलै २०१७ नंतर, म्हणजे जीएसटी आल्यानंतर. त्याआधी हिशेबनिसाची जबाबदारी आपल्या मालकाच्या वहीपुरती असे. आता समोरच्या विक्रेत्याने आपल्याला दिलेले बिल त्याच्या विवरणात दाखवले की नाही यावर आपल्या मालकाचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अवलंबून असते, आणि १ जानेवारी २०२२ पासून तर ही कायद्यातलीच अट झाली आहे. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांचे चक्र असे चालते: विक्रेत्याने ११ तारखेपर्यंत विक्रीचे विवरण भरायचे, १४ तारखेला खरेदीदाराला मिळू शकणाऱ्या क्रेडिटची जीएसटीआर-२बी ही यादी तयार होते आणि २० तारखेपर्यंत ३बी हे मासिक विवरणपत्र भरून कर द्यायचा. या मधल्या सहा दिवसांत शेकडो बिलांचा ताळा पाहायचा, जी दिसत नाहीत त्यांच्या विक्रेत्यांना फोन करायचे आणि आपल्या मालकाला सांगायचे की या महिन्यात अमुक इतके क्रेडिट मिळणार नाही. मार्चअखेर आणि दिवाळी हे आमच्या धावपळीचे पूर्वीचे दोन हंगाम होते, आता दर महिन्याला मार्च असतो. ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइसही करावे लागते, म्हणजे त्यांच्या व्यापाऱ्यांमधल्या विक्रीचे बिल ग्राहकाच्या हातात पडण्याआधीच सरकारी यंत्रणेत नोंदलेले असते. मागच्या तारखेचे बिल फाडण्याची जुनी सवय यामुळे मोडली, आणि ती मोडायलाच हवी होती.

आता त्या शांत बसलेल्या चुकीबद्दल सांगतो. आमच्याकडे एका छोट्या कारखानदाराचे काम आहे. त्याच्या खरेदीत एका फॅब्रिकेटरचे (लोखंडी बांधणीचे काम करणाऱ्याचे) ४,८०,००० रुपयांचे बिल आले, त्यावर १८ टक्क्यांनी ८६,४०० रुपये कर. याच फॅब्रिकेटरची आधीची सगळी बिले दुरुस्तीची होती, त्यामुळे सॉफ्टवेअरने हेही बिल आपोआप दुरुस्ती खर्चाच्या खात्यात सुचवले आणि आमच्या मुलाने ते मान्य केले. बिल २बीमध्ये दिसत होते, क्रमांक जुळत होता, रक्कम पैशापर्यंत जुळत होती आणि ताळ्याच्या तक्त्यात ती ओळ हिरवी झाली होती. तेरीज अर्थातच जुळलेली होती. आमच्याकडे दीड वर्षापूर्वी लागलेल्या एका मुलीने तो पीडीएफ उघडून वाचला आणि मला येऊन म्हणाली, "सर, दुरुस्तीला एवढे खांब आणि एवढे पत्रे कशाला लागतील?" मी मालकाला फोन केला. त्याने मागच्या आवारात नवे गोदाम उभे केले होते. म्हणजे तो वर्षाचा खर्च नव्हता, ती मालमत्ता होती, आणि स्वतःसाठी बांधलेल्या अशा इमारतीच्या बांधकामावरचे क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे घेताच येत नाही. ते घेऊन वापरले असते तर पुढे कधीतरी तपासणीत तो कर १८ टक्के व्याजासह भरावा लागला असता आणि दंडाची टांगती तलवार वेगळी. संगणकाने त्याचे काम चोख केले होते. दोन कागदांवरचे आकडे सारखे आहेत का, एवढेच त्याला विचारले होते आणि तेवढेच त्याने सांगितले.

म्हणून कोणती कौशल्ये हवीत हा प्रश्न आला की मी एक्सेलचे नाव घेतो, पण दुसऱ्या क्रमांकावर. एक्सेल यायलाच हवे. बँकेच्या उताऱ्यातले अक्षररूपाने आलेले आकडे संख्येत बदलता आले पाहिजेत, दोन याद्या एकमेकींशी ताडून न जुळणाऱ्या ओळी बाजूला काढता आल्या पाहिजेत, आकड्यांचा गटवार गोषवारा देणारे पिव्हट टेबल बनवता आले पाहिजे. ज्याला हे येत नाही त्याचे तीन दिवस जिथे जातात तिथे दुसऱ्याचा एक तास जातो. परंतु पहिल्या क्रमांकावर मी त्या मुलीचा प्रश्न ठेवतो. खांब आणि पत्रे दुरुस्तीला लागत नाहीत हे तिला कळले, कारण तिने बिल वाचले आणि कारखाना कसा चालतो याचा तिने विचार केला. आता बिलाचा फोटो वाचून नोंद तयार करणारी साधने आली आहेत आणि ती दिवसेंदिवस सुधारत आहेत. टंकलेखनासारखी नोंद करण्याचे काम त्यांच्याकडे जाणार हे मला स्पष्ट दिसते आणि त्यामुळे हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाची गरज वाढणार, हेही तितकेच स्पष्ट दिसते.

एका गोष्टीकडे आमच्या क्षेत्रात फार दुर्लक्ष होते. पूर्वी पेढीची किल्ली अण्णांच्या करगोट्याला असे. आज अनेक कर सल्लागारांच्या टेबलाच्या खणात पंचवीस-तीस व्यावसायिकांच्या डिजिटल स्वाक्षरीचे टोकन (पेनड्राइव्हसारखी छोटी उपकरणे) पडलेले असतात, त्यांचे पासवर्ड एका एक्सेल फाइलमध्ये असतात आणि ओटीपी व्हॉट्सॲपवर मागवले जातात. ही त्या माणसाची सही आहे. ती उघड्या खणात ठेवणे म्हणजे सही केलेले कोरे चेक ठेवण्यासारखे आहे. आम्ही टोकन मालकांकडे परत केले आणि विवरणाच्या दिवशी त्यांनाच बसवून सही करून घेतो. सुरुवातीला काहीजण वैतागले, आता सवय झाली आहे.

वाणिज्य शाखेची पदवी आणि तीन महिन्यांचा टॅलीचा कोर्स करून मुले माझ्याकडे येतात. ती हुशार असतात, हात भराभर चालतो, पण मालकाने धंद्यातून घरासाठी काढलेली रक्कम कोणत्या बाजूला जाते आणि का जाते हे विचारले की गडबडतात. हा दोष मी मुलांचा मानत नाही. ज्यांनी हिशेबाचे कौशल्य म्हणजे बटणांचा क्रम अशी समजूत करून दिली त्यांचा तो आहे. आणि मालकवर्गालाही मला एक सांगायचे आहे. कर कायदा, एक्सेल, पोर्टल, बँक आणि विक्रेत्यांचा पाठपुरावा एवढे सगळे एका माणसाकडून मागायचे आणि पगार मात्र नोंदी टाइप करणाऱ्याचा द्यायचा, हे न्यायाचे नाही. कामाची पातळी वाढली असेल तर मोबदल्याची पातळीही वाढली पाहिजे.

आमच्याकडे नव्याने लागणाऱ्याला पहिले पंधरा दिवस संगणक मिळत नाही. त्याला एक वही आणि खऱ्या दुकानाची एका महिन्याची बिले देतो आणि रोजकिर्दीपासून तेरजेपर्यंत हाताने लिहायला लावतो. तेरीज पहिल्या झटक्यात कधीच जुळत नाही. मग मी फरक विचारतो आणि त्याला नऊने भाग जातो का, ते बघायला सांगतो.