नंबरात स्टार दिसला म्हणून नोट नकली? अरे बावा, थांबा जरा

मागच्या बाजारात आमच्या गावच्या एका मावशीची पाचशेची नोट किराणावाल्यानं परत केली. कापूस वेचायची मजुरी होती ती. नंबरात स्टार हाये, नकली हाये म्हणे. बाजूला उभा असलेला एक जण म्हणाला, दे मावशी, चारशेत घेतो मी, रिस्क माही. मावशीनं देल्ली बी, अन् त्या गड्यानं संध्याकाळी तीच नोट पेट्रोल पंपावर आरामात चालवली.

हे सगळं त्या व्हॉट्सॲप फॉरवर्डचं. त्यात चार गोष्टी सांगितल्या आहे: नंबरात स्टार, हिरवी तार गांधीजींच्या फोटोजवळ, ओल्या बोटाले रंग लागणं अन् पेननं लिहिलेलं, यातलं एक जरी दिसलं तर नोट घेऊ नका.

स्टारचंच आधी घ्या. नोटांचं बंडल शंभराचं असते, नंबर ओळीनं, अन् छापताना मधातली एखादी खराब निघाली तर तिच्या जागी स्टारवाली नोट टाकतात, कपाशीत नांग्या भरतो ना आपण, तसंच. छोट्या नोटांत हे २००६ पासून चालू आहे, पाचशेत २०१६ पासून, अन् २०२३ च्या जुलैत रिझर्व्ह बँकेनं पुन्हा सांगितलं का या नोटा अस्सल आहे.

तारीचं म्हणाल तर गव्हर्नरच्या सहीजवळ असो का गांधीजींजवळ, दोन्ही चालते, केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनं हे कवाच खोडलं. तार कुठं आहे ते पाहू नका, नोट तिरपी करा, हिरवी तार निळी दिसली पाहिजे. खाली उजवीकडचा पाचशेचा आकडाही तसाच बदलते.

रंगाची तर गंमतच आहे. २०१६ मध्ये दोन हजाराच्या नोटेचा रंग सुटते म्हणून बोंब झाली, तवा अर्थ खात्याचे सचिव शक्तिकांत दास उलटं बोलले होते, का खऱ्या नोटेचाच रंग थोडा सुटते.

पेननं लिहिलेली नोटही चालते, फक्त राजकीय घोषणा वगैरे नको.

मंग पाहायचं काय? उजेडात धरून गांधीजींची सावली पाहा, नंबरातले आकडे लहानापासून मोठे होत जाते ते पाहा, अन् दोन्ही कडांच्या पाच-पाच रेघांवरून अंगठा फिरवा, त्या हाताले लागते (जुन्या मळक्या नोटेत कमी). नोटेचा कागदही कापसाचा असते, म्हणून खिशात राहून धुतली तरी लगदा होत नाही.

तरी शंका असली तर बँकेत न्या. नकली निघाली तर शिक्का मारून ठेवून घेतील, पावती देतील, पैसे मात्र बुडाले समजा. एका वेळी चारपर्यंत निघाल्या तर बँक महिन्याच्या रिपोर्टात पोलिसाईले कळवते, पाच किंवा जास्त निघाल्या तर मात्र एफआयआर होते.

मावशी आता स्टार दिसला का नोट घेऊन माह्याकडंच येते. परवा एक आणली, दहाची होती.